सुपारीच्या बेटावर अडीच दिवस

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे लग्न ठरलं की म्हणतात, 'सुपारी फुटली.' मलाय भाषेत सुपारीला म्हणतात 'पिनांग', आणि मुलीला मागणी घालणं याला शब्द आहे 'मेमिनांग'. त्यात सुपारीच आहे. हे मला माझ्या पुतण्याने फोनवर सांगितलं. तो मलेशियात एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात नोकरीला आहे. म्हणाला, "काकू, मी राहतो त्या बेटाचं नावच पुलाऊ पिनांग, सुपारीचं बेट. तू नाही यायचं तर कोणी यायचं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी श्रीवर्धनकडची. आमची रोठा सुपारीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि सासऱ्यांच्या हातची झाडं एका दुपारी आडवी झाली. सुपारीचं रोप लावलं की ते उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं तरी घेतं. तोवर करायचं काय? म्हणून मागच्या अंगाच्या दोन खोल्या नीट करून पर्यटकांना द्यायला लागलो. सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, समुद्र पाच मिनिटांवर. तेव्हा आज तुमच्याशी बोलतेय ती घरी पाहुणे ठेवणारी बाई, जी पहिल्यांदाच स्वतः पाहुणी होऊन परदेशी गेली. तिथे मी काय पाहिलं ते सांगते, आणि एका ठिकाणी मी कशी चुकले तेही सांगते.

बरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, म्हणजे पुतण्याची आई. मुंबईहून विमानाने क्वालालंपूर आणि तिथून तासाभराच्या दुसऱ्या विमानाने पिनांग. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. बेट मुख्य भूमीला जोडलेलं आहे. १९८५ साली झालेला साडेतेरा किलोमीटरचा पूल आहे, नंतर आणखी एक पूल झाला, आणि बोटही आहे. बेटावरचं जुनं शहर म्हणजे जॉर्ज टाउन. आमचा सगळा मुक्काम त्यातच गेला.

पहिल्या दिवशी सकाळी किल्ल्यापासून सुरुवात केली. फोर्ट कॉर्नवॉलिस नाव. आपल्या जंजिऱ्याच्या मानाने अगदी ठेंगणा, मैदानावर बसलेला चांदणीच्या आकाराचा कोट. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे बेट केदाहच्या सुलतानाचं. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला. सुलतानाला सयामच्या राजाची भीती होती, म्हणून संकटात कंपनी मदतीला येईल या आशेवर त्याने बेट दिलं. मदत काही आली नाही. सुलतानाने बेट परत घ्यायचा प्रयत्न केला, तोही फसला आणि १७९१ च्या तहात वर्षाला सहा हजार स्पॅनिश डॉलरवर त्याची बोळवण झाली. पाहुणा म्हणून आलेला घरमालक होऊन बसला, अशातली गत. शहराला नाव पडलं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचं.

लाइटने माणसं जंगल तोडायला तयार होईनात तेव्हा तोफेत चांदीची नाणी भरून ती रानात उडवली आणि मग लोक नाणी शोधत झाडं तोडत गेले, अशी दंतकथा तिथे सांगतात. पण किल्ला विटा-दगडांत बांधून काढला तो हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांनी. अंदमानच्या आधी काळं पाणी म्हणजे पिनांग, मलाक्का, सिंगापूर अशी ठिकाणं होती. बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही बेड्या घातलेली माणसं जहाजातून इथे यायची, रस्ते करायची, गटारं खणायची. मी त्या भिंतीला हात लावून क्षणभर उभी राहिले. त्यातला एखादा आपल्या किनाऱ्यावरचा असेलही, कोणी सांगावं!

किल्ल्यात एक जुनी डच तोफ आहे, 'सरी रंबाई'. तिच्यावर १६०३ साल कोरलेलं आहे. हात बदलत बदलत ती इथे पोचली. मूल हवं असलेल्या बायका हिच्या तोंडात फुलं ठेवून नवस बोलायच्या. जाऊबाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे इकडेही आपल्यासारखंच." माणसं मारायला केलेल्या तोफेकडे बायकांनी मूल मागितलं, हे मात्र माझ्या मनातून गेलं नाही.

आवारातच लाइटचा पुतळा आहे. त्याचं चित्र कुठे मिळेना, म्हणून पुतळ्याला चेहरा दिला त्याच्या मुलाचा. तो मुलगा विल्यम, ज्याने पुढे ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड शहर आखलं. विल्यमची आई मार्टिना रोझेल्स. लाइट १७९४ साली मलेरियाने गेला. मृत्युपत्रात त्याने मार्टिनाच्या नावे मालमत्ता ठेवली होती, पण बरीचशी तिच्या हातातून निघून गेली. लाइटची कबर आजही आहे, जुन्या दफनभूमीत, चाफ्याच्या झाडांखाली. खाली पांढरा सडा पडलेला असतो. मार्टिनाचा पुतळा मला कुठे दिसला नाही.

तिथून चालत दहा मिनिटांत एका रस्त्यावर आलो. या एका रस्त्यालगत १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, पुढे चिनी लोकांच्या करुणेच्या देवीचं, क्वान यिनचं देऊळ आणि तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ साली उभी केलेली कपितान केलिंग मशीद. मधल्या गल्लीत वळलं की १८३३ चं मारिअम्मनचं देऊळ. चर्चची घंटा, बांग, नादस्वरम आणि उदबत्तीचा धूर, सगळं हाकेच्या अंतरावर. मशिदीत जाताना अंगभर झगा देतात, देवीच्या देवळात चपला बाहेर. जाऊबाईंनी चारही ठिकाणी हात जोडले. चर्चमध्ये जोडावेत की नाही म्हणून थोड्या घुटमळल्या, मग जोडलेच.

भाषेची भीती होती, तीही थोडी गेली. पुतण्याने शब्द सांगायला सुरुवात केली. नवरा म्हणजे 'सुआमी', बायको 'इस्त्री', भाषा 'बहासा', उपवास 'पुआसा', काच 'काचा', नाव 'नामा', गुरू तर गुरूच. सुआमी म्हणजे नवरा हे कळल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "इथे तरी जरा कमी ठेवायला हवा होता!" रस्त्यावर जुन्या दुकानांच्या पुढे झाकलेला व्हरांडा असतो, त्याला 'काकी लीमा' म्हणतात, पाच पावलांचा रस्ता. दुकान खाली, बिऱ्हाड वर, आणि समोरची पाच फूट जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोकळी. ऊन असो की पाऊस, डोक्यावर छप्पर. आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांची ओटी असते तसंच, फक्त एकाची ओटी दुसऱ्याच्या ओटीला जोडलेली. आता काही ठिकाणी तिथे मोटारसायकली लावलेल्या असतात आणि उतरून उन्हातून जावं लागतं. ते पाहून अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता खाण्याचं. चौरस्ता नावाचा बाजार आहे. होय, चौरस्ताच! तिथे बरण्यांत जायफळाच्या फळाच्या फोडी मांडलेल्या, काही खारवलेल्या, काही साखरेत मुरवलेल्या. कंपनीने मसाल्याच्या लोभाने इथे जायफळ लावलं, ते रुजलं. आपल्याकडे वाड्यांमध्ये जायफळ असतं, पण आपण बी आणि जायपत्री घेतो आणि वरचा गर बऱ्याचदा झाडाखालीच पडून राहतो. ते त्या गराचं लोणचं घालतात, सरबत करतात. मी दोन पुड्या घेतल्या आणि आल्यावर आमच्या बचत गटात करून पाहिलं. पहिली खेप तुरट झाली, फोडी मिठाच्या पाण्यात जास्त वेळ ठेवल्यावर दुसरी बरी निघाली. दुसरा पदार्थ चेंडोल. हिरव्या रंगाच्या तांदळाच्या पिठाच्या जाड शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ आणि वर किसलेला बर्फ. पहिल्या चमच्यालाच आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हे तर आपले शिरवाळे, थंड केलेले! हिरवा रंग आणि सुवास येतो तो एका पानाचा. आंबेमोहोर शिजताना येतो ना, तसाच वास.

शाकाहारी बायकांनी घाबरू नये. लिटल इंडियात केळीच्या पानावर भात मिळतो, आणि चिनी लोकांतही निव्वळ शाकाहारी खाणावळी आहेत. मात्र बाकी ठिकाणी विचारूनच घ्या. भाजीतसुद्धा सुक्या कोळंबीची चटणी असते.

संध्याकाळी एक हिरवा वाडा पाहिला, पिनांग पेरानाकान मॅन्शन. १८९० च्या दशकात एका धनाढ्य चिनी खाणमालकाने बांधलेला. आता तिथे बाबा-न्योन्या लोकांच्या जुन्या वस्तू आहेत. चीनहून आलेले व्यापारी इथे स्थायिक झाले, इथल्या बायकांशी लग्नं झाली, त्यांची ही प्रजा. पुरुष बाबा, बाई न्योन्या. देव आणि कुळाचार चिनी राहिले, पण स्वयंपाकघर आणि नेसणं बाईच्या बाजूचं झालं. चिंच, मिरची, नारळ, खाली बाटिकचं सारोंग, वर जाळीदार कबाया. लग्नाआधी मुलीने बारीक मण्यांचे जोडे स्वतः विणायचे. एकेक मणी मोहरीएवढा. आपल्या रुखवताची आठवण झाली. तिथली मार्गदर्शक मुलगी म्हणाली की त्या बारीक कामाने डोळे जायचे. रुखवत बघताना आपणही कधी डोळ्यांचा विचार केला आहे का?

आता दुसरा दिवस. माझ्या चुकीचा.

बंदराच्या काठाला चिनी लोकांच्या जेट्या आहेत. समुद्रात लाकडी खांब रोवून त्यावर फळ्यांचा लांब रस्ता, आणि दोन्ही बाजूंना खांबांवरचीच घरं. एका जेटीवर एका आडनावाची माणसं. च्यू, लिम, टॅन, ली. दक्षिण चीनच्या फुजियान भागातून आलेले गरीब लोक, बंदरावर हमाली करायचे, होड्या चालवायचे. घरं जमिनीवर नाहीत म्हणून त्यांना जमिनीचा सारा पडत नसे, असं सांगतात. सगळ्यात मोठी च्यू जेटी. चिनी नववर्षाच्या नवव्या दिवशी इथे देवापुढे ऊस उभे करतात, कारण एकदा संकटात त्यांचे पूर्वज उसाच्या फडात लपून वाचले अशी श्रद्धा आहे. आपण तुळशीच्या लग्नाला ऊस उभा करतो, तसा.

आम्ही सकाळी गेलो. ओहोटी होती, खाली चिखलात खेकडे. पहिल्या काही घरांत दुकानं, टोप्या, मॅग्नेट, डुरियनचं आइस्क्रीम. पुढे गेल्यावर दुकानं संपली आणि नुसती घरं लागली. एका घराचं दार उघडं होतं. आत लाल दिव्याचं देवघर, भिंतीवर जुने फोटो आणि खाली पाटासारख्या बुटक्या स्टुलावर एक म्हातारी बाई कोळंबी सोलत बसलेली. डोळ्यांत भरण्यासारखं होतं. मी मोबाइल वर केला.

ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलं, हात पुसले, उठली आणि दार लावून घेतलं.

दाराशेजारीच पाटी होती. कॅमेऱ्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. ती पाटी मी पाहिली होती बरं का! पण मला वाटलं, ती बाकीच्यांसाठी, त्या गोंगाट करणाऱ्या घोळक्यांसाठी असेल. मी तर नुसतं कौतुकाने बघत होते.

मैत्रिणींनो, त्या बंद दारासमोर उभी असताना मला आमच्या अंगणातली गोष्ट आठवली. त्याआधीच्या मे महिन्यात माझ्या सासूबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. हात कोपरापर्यंत लाल, जुनं लुगडं, घामाघूम. आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुणीने त्यांचा व्हिडिओ काढला आणि गाणं लावून टाकला. गावातल्या पोरांनी तो सासूबाईंना दाखवला. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं का कोणी?" आणि मी काय उत्तर दिलं? "जाऊ द्या हो, पाहुणे आहेत. कौतुकानेच काढलाय." खरं सांगते, मला त्या चार दिवसांच्या भाड्याची काळजी होती. मी पाहुणीची बाजू घेतली. आणि पिनांगला मी त्या पाहुणीच्याच जागी उभी होते, तेच 'कौतुकाने' मनात घेऊन.

दुपारी लिटल इंडियात गजरे घेतले. फुलवाली तमिळ, साधारण माझ्याच वयाची. पुतण्याने मलायमध्ये विचारलं, मग तिने बरंच काही सांगितलं. तिचं लहानपण याच गल्लीत, दुकानाच्या माडीवर गेलं. अनेक वर्षं इथे भाडेनियंत्रणाचा कायदा होता. जुनी घरं मोडकळीला आली होती, पण भाडं परवडायचं, म्हणून सुतार, सोनार, माळी, पीठ दळणारे सगळे इथेच राहिले. २००० साली तो कायदा गेला. भाडी चढली आणि हजारो कुटुंबांना शहराबाहेरच्या इमारतींत जावं लागलं. तीही गेली. आता रोज सकाळी बस पकडून फुलं घेऊन येते.

२००८ साली मलाक्का आणि जॉर्ज टाउन ही शहरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. त्याने चांगलंही झालं, हे सांगायला हवं. त्याआधी, २००६ मध्ये, दोन जेट्या घरांसाठी पाडल्या गेल्या होत्या. उरलेल्या आज उभ्या आहेत त्या या संरक्षणामुळे. छपरं दुरुस्त झाली, रंग लागले. २०१२ मध्ये भिंतींवर चित्रं निघाली. सायकलवर बसलेल्या दोन मुलांचं चित्र तर इतकं प्रसिद्ध आहे की फोटोसाठी रांग असते. पण रंगवलेल्या कित्येक घरांत आता हॉटेल आहे, नाहीतर कॉफीचं दुकान. चित्रातली मुलं भिंतीवर आहेत, गल्लीत खेळणारी फार दिसली नाहीत. फुलवालीला मी विचारलं, पर्यटक आल्याचा राग येतो का? ती हसली. म्हणाली, गजरे तर तेच घेतात. राग नाही, फक्त माडीवर आता कोण राहतं हे बघायला वर जावंसं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी अर्धा दिवस होता. पिनांग हिलवर दोरावर ओढल्या जाणाऱ्या गाडीने गेलो. ती गाडी १९२० च्या दशकापासून चालू आहे. वर गार वारा, खाली सगळं बेट, पूल आणि मुख्य भूमी. केक लोक सी नावाचं मोठं बौद्ध मंदिर लांबूनच पाहिलं, वेळ नव्हता. अडीच दिवसांत सगळं होत नाही, धावपळही करू नये.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पायात पटकन निघणाऱ्या चपला असाव्यात, दिवसातून दहादा काढाव्या लागतात. छत्री हवीच, ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी. जुन्या शहरात फुकट फिरणारी बस आहे, ती विचारून घ्या. सध्या भारतीयांना थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, पण जाण्याआधी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी खात्री करा. आणि जेटीवर गेलात तर मोबाइल पिशवीत ठेवा. दार उघडं असणं म्हणजे आमंत्रण नव्हे. उकडतंय म्हणूनही दार उघडं असतं.

घरी आल्यावर रात्री सासूबाईंच्या पायाशी बसून मी त्यांना त्या म्हाताऱ्या बाईची गोष्ट सांगितली. माझी मागच्या मे महिन्याची चूकही कबूल केली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिने दार लावलं ना? शहाणी बाई. आपल्या अंगणाला कुठे दार आहे?"

तेव्हापासून आम्ही एक पद्धत ठेवली आहे. पाहुणे आले की पाणी देतानाच सांगते, ओटी, झोपाळा, मागची वाडी तुमची. माजघर आणि स्वयंपाकघर आमचं. माणसांचा फोटो काढायचा तर आधी विचारा. एका मंडळींना हे आवडलं नाही, त्यांनी इंटरनेटवर आम्हाला कमी तारे दिले. मला दोन दिवस झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू? वाडी अजून पुरती हाताशी आलेली नाही, आम्हाला पाहुणे हवेच आहेत. पण याच मे महिन्यात पुण्याच्या एका मुलीने सासूबाईंना विचारलं, "आजी, काढू का?" सासूबाई म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलून येते." आणि खरंच बदलून आल्या. फोटो झाल्यावर त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि कोकमं फोडायला दिली. ती तासभर बसली. जाताना तिचेही हात लाल होते.

आपल्या किनाऱ्यावर आता गावोगाव पाहुणे येऊ लागले आहेत. तुमच्यातल्या पुष्कळजणी खोल्या काढायच्या विचारात असतील. भाडं किती घ्यावं, जेवणात काय द्यावं, हे आपण ठरवतोच. घराचा कुठला भाग दाखवायचा नाही, तेही घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांनासुद्धा विचारून, आधीच ठरवा.